मित्रांना शास्त्रीय संगीताची आवडती रेकॉर्डिंग्ज पाठवतो, पण कुणी ऐकतच नाही. काय पाठवावं आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की मालकंसाची सव्वा तासाची मैफल ग्रुपवर टाकलीत आणि दोन मिनिटांच्या पुढे कुणी गेलं नाही. यात मित्रांचा दोष नाही. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्यालात झुमरा या चौदा मात्रांच्या तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरी) जवळपास मिनिटभर चालतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती दोन मिनिटांत धरायला काहीच लागत नाही.

म्हणून सुरुवात लाखेच्या जुन्या तबकड्यांपासून करा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तेवढ्यात रागाचा चेहरा दाखवायचा, बंदिश (शब्द-तालात बांधलेली चीज) मांडायची, ताना (स्वरांच्या वेगवान लडी) घ्यायच्या आणि समेवर येऊन थांबायचं. हे मैफलीतून कापलेले तुकडे नव्हेत, तेवढ्या वेळासाठीच बेतलेलं गाणं आहे. नवख्या कानाला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

पहिली पाठवा केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारतातलं हे एकच गाणं आहे. एवढं सांगितलंत तरी माणूस कुतूहलाने ऐकतो. कान कुठे द्यायचा तेही लिहा: आवाज वरच्या सप्तकात गेला तरी बारीक होत नाही, खाली होता तेवढाच भरीव राहतो.

दुसरी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाहीं आवत चैन’. आवाज मुळातच टोकदार आणि उंच पट्टीचा आहे, पहिल्यांदा कानाला विचित्र वाटेल. दोनदा ऐकायला सांगा. मग हीच ठुमरी भीमसेन जोशींची. भीमसेनजी सवाई गंधर्वांचे शिष्य आणि सवाई गंधर्व खाँसाहेबांचे. एकच चीज, एकच घराणं, पण भीमसेनजींच्या गळ्यातून ती केवढी वजनदार होऊन येते! घराणं, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेली गाण्याची रीत, काय असते, हे असं शेजारी ठेवून ऐकलं की चटकन कळतं.

एलपीकडे, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या नंतरच्या तबकड्यांकडे, त्यानंतर वळा. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ‘प्रथम सुर साधे’ने सुरू होतो, पण तुम्ही आधी पुढची द्रुत (जलद लयीची) बंदिश ‘सहेला रे’ पाठवा. सा रे ग प ध, पाचच स्वर, आणि मुखडा, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, दोन आवर्तनांत ओठांवर बसतो. तो बसला की विलंबित आपोआप ऐकलं जातं. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग मात्र घाईने कुणाच्या हाती देऊ नका. मारव्यात पंचम नाही, रे कोमल, आणि षड्जावर गवई फार टेकत नाही, रिषभ-धैवतावरच रेंगाळतो. ज्याला ‘सा’वर विसावण्याची सवय आहे त्याला यात अस्वस्थ वाटतं, आणि तीच तर या रागाची गंमत आहे! तिथेही आधी द्रुत ‘गुरु बिन ग्यान न पावे’ आणि मग विलंबित ‘पिया मोरे’.

आता कसं पाठवावं. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट कधीही करू नका. ती सोय बोलण्यासाठी आहे. एकसारखा वाजणारा तंबोरा फोनला मागची घरघर वाटते आणि तो दाबून टाकतो. मूळ फाइल किंवा लिंकच पाठवा आणि हेडफोनवर ऐकायला सांगा. गवयाची पट्टी (त्याने धरलेला ‘सा’) पेटीची काळी एक असेल, तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्‌झ आणि तंबोऱ्याची खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो मूळ नाद येतच नाही.

जुन्या तबकडीची खरखर पूर्ण काढलेली प्रतही टाळा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत गुंजारव, ज्या वरच्या नादांत असते तिथेच खरखर असते. एक काढताना दुसरं जातं आणि गाणं पाण्याखाली चालल्यासारखं ऐकू येतं. टकटक काढलेली आणि सळसळ तशीच ठेवलेली प्रत उत्तम.

वेगही तपासा. ७८च्या म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, सुरुवातीच्या तर नाहीतच. वेगात सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर सरकतो, काळी एकची पट्टी पांढरी दोन होते. आवाज चिरका आणि तबला टिणटिणीत वाटला तर तीच तबकडी दुसरीकडून मिळवून ताडून बघा. दुरुस्त करताना वेग आणि पट्टी एकत्रच बदला. नुसती पट्टी उतरवलीत तर ताना खोट्या वेगाने धावत राहतात.

एक विनंती: खासगी बैठकीचं रेकॉर्डिंग कलाकाराच्या किंवा वारसांच्या परवानगीशिवाय सगळ्यांसाठी खुलं करू नका.

आणि नाव-गाव लिहिल्याशिवाय काहीही पाठवू नका. सुरुवातीच्या काळातल्या गायिका गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःच ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळायला हवं होतं. आज फाइलींवर नुसतं ‘ट्रॅक ०३’ असतं. कलाकार, राग, बंदिशीचे शब्द, ताल, माहीत असल्यास साथीदार, ठिकाण आणि साल, शिवाय कुठल्या मिनिटाला काय ऐकायचं, एवढं लिहा. उदाहरणार्थ: ‘किशोरी आमोणकर, भूप, सहेला रे, द्रुत तीनताल. पहिल्यांदा फक्त मुखडा ऐक. दुसऱ्यांदा प्रत्येक तानेनंतर त्या परत “सहेला”वर कुठून येतात ते बघ.’