जोखीम कुठून आली, आणि त्या ऑर्डरला ताबा का म्हणायचं नाही

प्रश्न असा आलाय: वेल्समध्ये सोशल वर्करला एखाद्या व्हल्नरेबल ॲडल्टपर्यंत, म्हणजे ज्याचा सहज छळ होऊ शकतो अशा प्रौढ माणसापर्यंत, पोचता यावं म्हणून कोर्ट जी ऑर्डर देतं, ॲडल्ट प्रोटेक्शन अँड सपोर्ट ऑर्डर, तिला मराठीत "ताबा आदेश" म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्या ताई वेल्समधल्याच स्वान्सीला असतात, तिथल्या मराठी लोकांसाठी माहितीपत्रक करतायत.

नाही चालणार. अजिबात नाही. हा ताबा हल्ली कुठेही घुसतो, मुलाचा ताबा, गाडीचा ताबा, आरोपीचा ताबा, आणि आता म्हाताऱ्या माणसाचाही. अहो, मूळ अरबी ताबे म्हणजे मागे चालणारा, त्यातूनच ताबेदार आला, म्हणजे दुसऱ्याच्या हुकमातला. वेल्सचा २०१४ चा सोशल सर्व्हिसेस अँड वेलबीइंग ॲक्ट आहे, लागू झाला एप्रिल २०१६ मध्ये, त्याचं कलम १२७ काढून बघा. कौन्सिलचा अधिकारी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतो, ऑर्डर मिळाली की घरात जाऊन त्या माणसाशी एकट्याने बोलतो, म्हणजे मुलगा-सून-भाडेकरू जो कोण दारात आडवा उभा राहतो त्याला बाजूला ठेवून, आणि बघतो की हा माणूस स्वतःच्या मनाने निर्णय घेतोय का, आणि त्याला खरंच धोका आहे का. गरज पडली तर सोबत पोलीस. पण माणसाला घरातून हलवायचा अधिकार त्या ऑर्डरमध्ये नाहीच! मग ताबा कसला? हलवायची ऑर्डर स्कॉटलंडमध्ये आहे, २००७ च्या कायद्याने, शेरीफ (तिथला न्यायाधीश) देतो, जास्तीत जास्त सात दिवसांची, आणि त्या माणसाने नको म्हटलं तर, कुणाच्या दबावाखाली म्हणत नसेल तर, तीही मिळत नाही. इंग्लंडच्या केअर ॲक्टमध्ये तर घरात शिरायची अशी ऑर्डरच ठेवलेली नाही. तीन शेजारी, तीन तऱ्हा, आणि आपण सगळ्यांना एकच ताबा चिकटवणार.

व्हल्नरेबलचं काय करायचं हेही ताईंनी विचारलंय. परिभाषावाल्यांचा लाडका शब्द "भेद्य". भेद्य! ती बाई काय किल्ला आहे का? सुदैवाने वेल्सच्या कायद्याने व्हल्नरेबल हा शब्द इथे वापरलाच नाही, तिथे ॲडल्ट ॲट रिस्क आहे. म्हणजे जोखमीत असलेला प्रौढ. आणि इथेच खरी मजा आहे, बाकीचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

जोखीम हा शब्द योगक्षेमापासून आलाय. हो, तोच गीतेतला, नवव्या अध्यायातला "योगक्षेमं वहाम्यहम्", जो एलआयसीच्या बोधचिन्हावर आहे. नाही ते मिळवणं म्हणजे योग, मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. पालीत त्याचं योगक्खेम झालं, पुढे य चा ज झाला, जसा योगीचा जोगी, क्ष चा ख झाला, जसा क्षाराचा खार, आणि मधला ग घासून गेला. जोगखेम, जोखेम, जोखीम. म्हणजे विमा कंपनीचं ब्रीद आणि विमा ज्याचा काढायचा ती गोष्ट, दोन्ही एकच शब्द. (विमा स्वतः फारसीतून आलाय, बीम म्हणजे भीती, पण तो विषय परत कधीतरी.)

आता एक विद्वान मित्र हटकून सांगणार की जोखीम "जोखणे" वरून आली, धोका तोलून बघायचा म्हणून. मी त्यांना बऱ्याचदा विचारलंय की मग शेवटचा म कुठून आला? जोखण्यावरून जोखणी होईल, जोख होईल, हा म काय आकाशातून पडला? क्षेमात तो आयता बसलाय. उत्तर येत नाही, दर वेळी नुसती कोशाची पानं दाखवतात. कोशात छापलंय म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही साहेब.

बरं, अर्थ उलटा कसा झाला, कल्याणाचा धोका कसा झाला, हा आक्षेप जरा वजनदार आहे. पण मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने व्यापाऱ्यावर कर कसा बसवावा ते सांगताना खरेदी-विक्री, वाट, खाणं आणि योगक्षेम हे सगळं बघून बसवावा असं म्हटलंय. तिथे योगक्षेम म्हणजे माल सुखरूप पोचवायचा खर्च. सुखरूप पोचवायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, त्याचाच घोर. तोच पुढे जोखीम. जोखमी हुंडी ऐकली असेल, माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. आणि आपण अजून "जोखमीचा ऐवज" म्हणतोच की, तिथे ऐवज धोकादायक नसतो, सांभाळायचा असतो.

आता वेल्सच्या कायद्याचं नाव परत वाचा. वेलबीइंग. योगक्षेमच तो! कायद्याच्या नावात योगक्षेम आणि आत संरक्षण कुणाचं, तर जोखमीतल्या माणसाचं. इंग्रजीत हे दोन शब्द एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, आपल्याकडे आजी आणि नात आहेत. कौटिल्य तर दंडालाच, म्हणजे शिक्षेच्या सत्तेलाच, योगक्षेमाचं साधन म्हणतो, तेव्हा मॅजिस्ट्रेटपण आलाच त्यात. हे पत्रकात घालता येणार नाही हे मला कळतं, पण ताईंनी निदान तळटीप तरी द्यावी.

हां, मूळ प्रश्न. "जोखमीतल्या प्रौढाच्या भेटीचा आदेश" लिहा, आणि खाली एक ओळ टाका की या आदेशाने कुणाला घरातून नेता येत नाही, कारण पत्रक वाचणारा आधी त्यालाच घाबरणार. आणि कृपा करून "जोखिमीतल्या" लिहू नका, सामान्यरूपात तो मधला ईकार जातो, तारीखचं तारखेला म्हणतो ना आपण, तसंच.