आर्किटेक्चर शिकून चित्रकार व्हायचं असेल, तर ही पाच वर्षं वाया जातात का?

नाही जात. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, गावाकडची निसर्गचित्रं काढता आणि मित्र म्हणतात, “मग इथे कशाला आलास?” हेच मी वीस वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

दुसऱ्या वर्षी मेजर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभं घर मोजून कागदावर उतरवायला, मी गुहागरजवळचं आजोळ घेतलं. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेलं माजघर. टेपचं एक टोक मामाकडे, दुसरं माझ्याकडे. चार दिवस मोजत होतो. अंगणातून ओटीवर चढायला पाच पायऱ्या. तिसरी तेवढी नऊ इंचांची, बाकी सात. लहानपणी मी तिथेच ठेचकाळायचे. शीटवर नऊच दाखवले, तर सरांनी लाल गोल केला: मोजायला चुकलीस. म्हटलं, सर, पायरीच तशी आहे. ते म्हणाले, आठवणी काढायच्या असतील तर आर्ट स्कूलला जा. पाचही पायऱ्या सारख्या करून शीट द्यावी लागली.

पुढे वाटण्या झाल्या, घर पाडलं. तेव्हापासून मी तीच ओटी रंगवतेय. पावसात जांभा काळपट तांबडा होतो, मग शेवाळ धरतं. ते रंग मनातूनच येतात. पण ओटीवर बसल्यावर वळचणीखालून समुद्राची केवढी पट्टी दिसायची, हे मी छातीठोक सांगते, कारण चौथरा आणि वळचण दोन्हींची उंची वहीत लिहिलेली आहे. मापं घेतल्याने आठवण कोरडी होते म्हणणाऱ्यांनी कधी घर मोजलेलं नसतं.

चिलीचा चित्रकार रोबेर्तो मात्ता आर्किटेक्चरच शिकला होता, पॅरिसला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात कामही केलं, आणि मग मनातले प्रदेश रंगवले. त्याचं काय वाया गेलं?

गावी जाल तेव्हा टेप न्या. वाकडं असेल ते वाकडंच उतरवा. डिग्री मात्र पूर्ण करा, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणीही घ्या. चित्रांवर घर चालायला मला बारा वर्षं लागली, तोवर लोकांच्या बंगल्यांची ड्रॉइंग्ज केली. रंगांचं तंत्र कॉलेजात मिळत नाही, ते बाहेर शिकावं लागेल. आणि सरांनी शीट बदलायला लावली तर बदला, मार्क लागतात. पण आधी मूळ शीटची झेरॉक्स काढा. मी काढली नव्हती.

परवा मामाला त्या पायरीचं विचारलं. म्हणाला, तो चिरा आजोबांनी तासलाच नव्हता.