पहिला पोचा

"मॅडम, घरातलं माणूस गेलेलं नाही, नोकरी गेलेली नाही. एक वस्तू हातातून पडली, एवढंच. तरी नऊ दिवस धड झोप नाही. माझं काही बिघडलंय का?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाच्या नव्या गाडीला पहिला चरा पडलेला असतो, कुणाच्या व्हायोलिनला तडा गेलेला असतो, कुणाच्या पेनाचं निब वाकलेलं असतं. विचारणारा आधी माफी मागतो, आवाज खाली घेतो आणि मुद्द्यावर यायला अर्धा तास लावतो. ही लाज मला फार वाईट वाटते, कारण तिच्यामुळे माणसांची मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते. म्हणून हा एक अनुभव त्या क्लायंटच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याचं वय अडतीस. चौदा वर्षं सिगारेट ओढली आणि एकोणीस महिन्यांपूर्वी सोडली, ती ई-सिगारेटच्या म्हणजे व्हेपच्या आधाराने. पडली ती वस्तू म्हणजे त्याचं व्हेपचं यंत्र. तो त्याला 'मॉड' म्हणायचा. त्याने ते रुमालात गुंडाळून आणलं होतं आणि माझ्यासमोर रुमाल उलगडताना त्याचा हात जरा थांबला. मॉडचं अंग लाकडाचं होतं. असं लाकूड निर्वात भांड्यात ठेवून त्यात राळेसारखं रसायन मुरवतात, मग उष्णता देऊन ते घट्ट करतात. प्रत्येक ठोकळ्याच्या रेषा वेगळ्या, त्यामुळे तसंच दुसरं मिळत नाही. खालच्या कोपऱ्यात लाकडाचा नखाएवढा टवका उडाला होता आणि शेजारच्या धातूच्या पट्टीला पोचा आला होता. मला तो पोचा शोधावा लागला. त्याला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं.

टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडलं, असं त्याने सांगितलं. आवाज कसा झाला तेही सांगितलं, दोनदा. बायको म्हणाली, "वस्तूच तर आहे." मित्र म्हणाला, "दुसरं घे." दोघांचं म्हणणं चूक नव्हतं, पण दोघांनीही त्याला गप्प केलं. जवळच्या लोकांना माझी एक विनंती आहे. पहिल्या दिवशी वस्तूची किंमत काढू नका. "दाखव बरं, कुठे लागलं?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ होतं.

मी त्याला म्हटलं, "तुमचं काही बिघडलेलं नाही." आणि त्यामागचं कारणही सांगितलं, कारण नुसत्या धीराने अशा माणसाचं समाधान होत नाही. रसेल बेल्क या अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलं की आपल्या वस्तू हा आपल्या 'स्व'चा विस्तार असतो. ज्या वस्तूत आपण वेळ, कष्ट, निवड ओततो ती नुसती 'माझी' राहत नाही, थोडीशी 'मी' होते. दुसरी गोष्ट काहनेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९० मधल्या प्रयोगांतली. साधा कॉफीचा मग काही जणांना देऊन टाकला आणि मग विकायला सांगितला, तर त्यांनी मागितलेली किंमत ही ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. तो मग त्यांच्या हाती येऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. इथे तर एकोणीस महिन्यांची सोबत होती, तीही दिवसातून शेकडो वेळा हाताला आणि ओठांना लागणारी.

तो थोडा सैलावला. मग मी एक प्रश्न विचारला. तांत्रिक अंगाने मी अडाणी होते, म्हणूनच तो विचारला: "बाहेरून लागलंय ते मी पाहिलं. आत काय झालंय?"

तो गप्प झाला. नऊ दिवसांत त्याने बॅटरीचं झाकण उघडलंच नव्हतं, आणि चौथ्या दिवसापासून तेच यंत्र तो पुन्हा वापरत होता.

हा माणूस या विषयातला जाणकार होता. पुढची दहा मिनिटं त्यानेच मला शिकवलं. आतली बॅटरी '१८६५०' प्रकारची, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ मिलिमीटर लांबीची नळकांडी. वरच्या टोकाची मधली गुंडी धन, आणि बाकीचा सगळा धातूचा डबा ऋण. या दोघांच्या मध्ये असतं ते प्लास्टिकचं पातळ वेष्टन आणि वरच्या टोकाला एक छोटी चकती. ते वेष्टन फाटलं आणि उघडा धातू भलत्या ठिकाणी टेकला तर शॉर्ट सर्किट होतं, सेल तापत जातो आणि ती उष्णताच पुढची उष्णता निर्माण करते. मग आग किंवा स्फोट. सेललाच पोचा आला असेल तर आतले थर एकमेकांना टेकण्याची भीती. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तरी टवका दिसला आणि त्यापुढे त्याची नजर गेलीच नाही.

पहिल्या नुकसानात हेच घडतं. जे दिसतं त्याचं दुःख इतकं मोठं होतं की जे धोक्याचं आहे ते तपासायचं राहून जातं. त्यामुळे माझ्या दृष्टीने क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुरक्षितपणा, मग रडणं. व्हेप पडलं तर प्रथम बंद करायचं, बॅटरी काढायची, वेष्टन आणि सेल उजेडात फिरवून पाहायचा, निकोटिनचा द्रव भरतात त्या टाकीच्या काचेला तडा आहे का, कुठे गळतंय का, बटण अडकून राहतंय का ते बघायचं. सेल दबलेला, फुगलेला किंवा गळका असेल तर तो वापरायचा नाही. घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही, बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्यायचा. नुसतं वेष्टन फाटलं असेल तर ते बदलता येतं, पण बदलेपर्यंत सेल बाजूला. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात तर कधीच नाही. समुपदेशनाच्या खोलीत हे बोलायचं का, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, बोलायलाच हवं. माणूस सुरक्षित नसताना त्याच्या भावनांवर काम करण्यात अर्थ नाही.

पुढच्या भेटीत तो आला तेव्हा रुमाल नव्हता. वेष्टन वरच्या कडेला फाटलेलं निघालं होतं, सेल त्याने काढून टाकला होता. ते सांगून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, एक राहिलंच सांगायचं. त्या रात्री मी सिगारेट ओढली."

खरी गोष्ट ही होती. पडल्यावर तासाभराने एक. दुसऱ्या दिवशी चार, "आता काय उरलंय" असं म्हणत. तिसऱ्या दिवशी भीती वाटली म्हणून पाकीट फेकलं, आणि मॉड तर ड्रॉवरमध्ये बंद. त्या दिवशी सगळ्यांवर खेकसला, हाताला कंप, रात्रभर डोळा नाही. चौथ्या दिवशी मॉड पुन्हा बाहेर आलं.

इथे दोन धागे एकमेकांत गुंतले होते आणि ते सोडवायला आम्हाला दोन भेटी लागल्या.

एक धागा शरीराचा. निकोटिन थांबलं की काही तासांत चिडचिड, अस्वस्थता, झोपेचा विचका सुरू होतो आणि पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड जातात. म्हणजे तिसऱ्या दिवशी त्याला जे 'वस्तूचं दुःख' वाटत होतं त्यातला चांगला मोठा वाटा निकोटिनच्या तुटवड्याचा होता. हे कळल्यावर त्याला हायसं वाटलं. मला मात्र त्याला आणखी एक सांगणं भाग होतं, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातली पुष्कळ विषं त्यात नसतात किंवा कमी असतात. पण ते निरुपद्रवी नाही, निकोटिनचं व्यसन तिथेही तेच आहे, आणि न ओढणाऱ्याने ते हाती धरू नये. सिगारेट सोडण्यासाठी ज्याने ते घेतलं त्याने एक दिवस तेही खाली ठेवायचं आहे. त्याने दर मिलिलीटर द्रवामागे १२ मिलिग्रॅमवरून ६ आणि ६ वरून ३ असं निकोटिनचं प्रमाण आधीच उतरवत आणलं होतं. डॉक्टरांशी बोलून पुढचा टप्पा ठरवा, असं मी सुचवलं.

दुसरा धागा मनाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचा अभ्यास करताना अ‍ॅलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये एक गोष्ट नेमकी दाखवली. पाय एकदा घसरला की माणूस त्या घसरण्याने तितका पडत नाही, जितका त्याला लावलेल्या अर्थाने पडतो. 'व्रत मोडलं, आता मी तसाच' असं वाटतं आणि एकाच्या पाठोपाठ पाच येतात. माझ्या क्लायंटच्या मनात मॉड आणि सिगारेट सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्याच नव्हत्या. बिनडागी लाकूड म्हणजे बिनडागी एकोणीस महिने. त्यामुळे टवका उडाला तो लाकडाचा नव्हता, पुराव्याचा होता. पुरावा डागाळला, मग सिगारेट ओढायला हरकत कसली?

मी त्याला विचारलं, "एकोणीस महिन्यांत पाच सिगारेटी ओढल्यात. बाकीचे दिवस कुठे गेले?" तो बराच वेळ बोलला नाही.

मग मी त्याला एक काम दिलं. मॉड हातात घ्यायचं, उजेडात सगळीकडून पाहायचं आणि त्यावरची प्रत्येक खूण कागदावर लिहायची, कधीची ते आठवून. त्याची यादी निघाली अकरा खुणांची! बटणावरचा रंग अंगठ्याने उडालेला. टाकी बसवायच्या आट्यांवर घासल्याच्या रेषा. जिथे तळहात टेकतो तिथलं लाकूड अधिक गडद झालेलं. 'निर्दोष' म्हणून तो जिचा शोक करत होता ती वस्तू कित्येक महिने निर्दोष नव्हतीच. "पण त्या खुणा मला आवडतात," तो म्हणाला. का आवडतात, यावर आम्ही खूप बोललो. झिजणं हळूहळू होतं, आपल्या हाताने होतं, म्हणून आपण त्याला संमती दिलेली असते. लागणं मात्र एका क्षणात होतं आणि आपल्याला विचारून होत नाही. दुखतं ते या न विचारण्याचं.

त्या काळात दुसरं मॉड मागवायची त्याला फार घाई झाली होती. मी दोन आठवडे थांबायला सांगितलं. नवं घेऊ नये असं माझं म्हणणं नव्हतं. पण त्या घाईत आणि पडल्या रात्रीच्या सिगारेटीत मला एकच धडपड दिसत होती, झालेलं पुसून टाकण्याची. उलट टोकाचा सल्लाही काही जण देतात, की नव्या वस्तूला स्वतःच एक ओरखडा काढून टाका म्हणजे भीती संपेल. मला हा पटत नाही. जपणं हा काही दोष नाही.

त्याऐवजी त्याने रोज एकदा त्या टवक्यावरून अंगठा फिरवायचा, असं ठरलं. सुरुवातीला पोटात गोळा यायचा. सातव्या-आठव्या दिवशी त्याने कळवलं की बोलता बोलता अंगठा आपोआप तिथे जातो. बारीक पॉलिशपेपरने त्याने लाकडाची धारदार कड घासून घेतली, हाताला टोचत होती म्हणून. भरून मात्र काढली नाही. दोन आठवडे उलटले आणि दुसऱ्या मॉडचा विषय त्यानेच काढला नाही. त्या पाच सिगारेटींची नोंद त्याने आपल्या तक्त्यात तशीच ठेवली, खोडली नाही.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "मॅडम, परवा पुन्हा पडलं."

"मग?"

"बंद केलं. बॅटरी काढली, खिडकीपाशी नेऊन बघितली. वेष्टन ठीक आहे, सेल ठीक आहे. काच फुटली, ती बदलली." थोडं थांबून तो म्हणाला, "नंतर वाईट वाटलं. बायकोला दाखवलं."

"आणि सिगारेट?"

"नाही ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, की आठवलीच नव्हती."