जुन्या डेस्कटॉपला नवं ग्राफिक्स कार्ड? आधी कॅबिनेट उघडा

कार्ड निवडायच्या आधी एसएमपीएसवरचं (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लेबल वाचा. नवखे इथेच फसतात. मदरबोर्डचा (मुख्य सर्किट बोर्ड) कार्ड बसवायचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर लागते. ती नसेल तर जीटीएक्स १६५० कार्डाचं जादा वायर न लागणारं मॉडेल बघा. स्वस्त कन्व्हर्टर लावून जुगाड नको, प्लीज.

मग:
- स्लॉटसमोरची जागा पट्टीने मोजा. बारक्या ऑफिस कॅबिनेटात लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसतं.
- मॉनिटर फक्त व्हीजीएवाला (जुन्या प्रकारचं डिस्प्ले पोर्ट) आहे का? नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं.
- मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही. "डिस्प्लेच येत नाही"चं उत्तर बहुतेकदा हेच!

ओव्हरक्लॉकिंगचं (कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नंतर बघू. एसएमपीएसचे वॅट आणि प्रोसेसर कळवा, कार्ड सुचवतो.