दुरुस्तीसाठी कालवा बंद : पाणीपट्टी भरावी का, भरपाई मागावी का?

प्रश्न : माझी जमीन कालव्याच्या शेवटच्या चारीवर (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान शाखेवर) आहे. रब्बीत गव्हासाठी नमुना नंबर 7 चा अर्ज भरून पाणी मंजूर करून घेतले होते. जानेवारीतले आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची ठरलेली पाळी) सुरू होऊन चारच दिवस झाले असताना वरच्या बाजूला भराव खचल्याचे सांगून कालवा बंद केला. तो महिनाभर बंदच राहिला आणि ओंबीवर आलेल्या गव्हाचे पाणी चुकले. भराव खचला तेथे कालव्याला लागून माझ्या जमिनीचा दुसरा गट आहे. ठेकेदाराने तेथील हरभऱ्यातून पोकलेनला वाट पाडली आणि बांधालगतचा मुरूम उचलून भरावात टाकला. आता पूर्ण हंगामाची पाणीपट्टी मागितली आहे. ती भरावी का? नुकसानभरपाई मिळेल का? गावातले काही जण भरावाखालून पाइप टाकून पाणी घेऊ म्हणतात, ते चालेल का?
– एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर :

आपल्या तक्रारीत दोन वेगळे दावे एकत्र आले आहेत आणि कायदा त्यांच्याकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतो. पाणी न मिळाल्यामुळे गव्हाचे उत्पन्न घटले, त्याची रोख भरपाई मिळण्याची शक्यता फार कमी आहे. तेथे आपला हक्क मुख्यतः पाणीपट्टीतील सवलतीपुरता आहे. हरभरा तुडवला गेला आणि मुरूम नेला, त्याची भरपाई मात्र आपण मागू शकता आणि ती बाजू भक्कम आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहिल्यास कार्यालय पहिल्या मागणीला नकार देताना दुसरीही त्याच शेऱ्याखाली निकाली काढते, असा अनुभव आहे. म्हणून अर्ज दोन करावेत.

गव्हाबाबत कायदा असा का, हे आपल्याला कदाचित अन्यायाचे वाटेल. उत्तर भारतातील कालव्यांसाठी झालेल्या 1873 च्या कायद्याच्या कलम 32 मध्ये दुरुस्ती, फेरबदल किंवा वाढीव काम यांमुळे कालव्याचे पाणी थांबले तर सरकारकडे भरपाई मागता येणार नाही, पण नुकसान सोसणाऱ्यास पाणीपट्टीत सूट मागता येईल, अशी तरतूद आहे. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले आणि आपल्याला लागू असलेल्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 मध्येही ते चालत आले आहे. खचलेल्या भरावात पाणी सोडत राहणे किती महागात पडते, हे 27 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पूल परिसरातील वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा दिसलेच आहे. अशा वेळी कालवा बंद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर प्रत्येक शेताच्या भरपाईची टांगती तलवार नसावी, हा या तरतुदीमागचा विचार मला चुकीचा वाटत नाही.

तरीही या संरक्षणाला मर्यादा आहे. कामासाठी ‘जेव्हा आणि जितका काळ आवश्यक’ तेव्हाच व तितकाच काळ पाणी थांबवता येते, असे 1873 च्या कायद्याच्या त्याच कलम 32 चे सांगणे आहे. आपला कालवा महिनाभर बंद होता. पण त्यातले किती दिवस प्रत्यक्ष भरावावर माती पडत होती आणि किती दिवस ठेकेदाराची यंत्रे यायची होती? माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून कालवा बंद करण्याचा आदेश, कार्यारंभ आदेश, कामाचे मोजमाप पुस्तक आणि त्या आवर्तनाचे पाणी सोडल्याचे रोजचे अभिलेख यांच्या प्रती मागाव्यात. साधारणपणे 30 दिवसांत माहिती मिळायला हवी. पाणी थांबल्यानंतर काम बऱ्याच उशिरा सुरू झाले असे त्यातून निघाले, तर उरलेले दिवस ‘दुरुस्तीचे’ होते का, हा प्रश्न रीतसर उभा करता येईल. त्यातून रोख रक्कम मिळेलच असे मी सांगत नाही, परंतु सवलतीच्या मागणीला बळ येईल.

पाणीपट्टी अजिबात न भरण्याचा मार्ग मात्र धरू नये. थकलेली पाणीपट्टी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते आणि थकबाकीदाराचा पुढचा नमुना नंबर 7 अडवून ठेवला जातो, हे आपण जाणताच. मिळालेल्या पाळ्यांची रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेबाबत, मंजूर क्षेत्र, पीक व चुकलेली पाळी नमूद करून, कार्यकारी अभियंत्यांकडे सवलतीचा अर्ज द्यावा. पूर्ण रक्कम भरणे भागच पडले, तर ‘सवलतीचा हक्क राखून’ असे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. आपली चारी पाणी वापर संस्थेकडे हस्तांतरित झाली असेल, तर हा अर्ज संस्थेमार्फत जावा लागेल, कारण 2005 च्या सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमानुसार घनमापनाने (मोजून) मिळणाऱ्या पाण्याचा हक्क संस्थेचा असतो. हक्काचे पाणी कमी मिळाल्याचा वाद त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाखालील प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्यांपुढे नेता येतो.

आता दुसरा गट. कालव्याला धोका असेल तर कालवा अधिकाऱ्यास लगतच्या जमिनीत शिरण्याचा आणि तेथील माती, झाडे आदी साहित्य घेण्याचा अधिकार आहे, मात्र त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याबरोबरच येते. काम तातडीचे होते, हे उत्तर प्रवेशाला पुरते, भरपाई नाकारायला पुरत नाही. पहिला प्रश्न हद्दीचा. कालव्यासाठी संपादित झालेली पट्टी प्रत्यक्ष भरावापेक्षा बरीच रुंद असते आणि वर्षानुवर्षे आपण ती कसत आलेले असता. मुरूम त्या पट्टीतून उचलला असेल, तर दावा टिकणार नाही. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्यावी. तोवर खड्डा बुजवू नये. त्याची लांबी, रुंदी, खोली टाकून तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्यावा, चाकोऱ्या दिसतील असे तारखेसह फोटो काढावेत आणि ई-पीक पाहणीत हरभऱ्याची नोंद आहे का ते पाहावे.

मुरमाबाबत एक इशारा. मुरमासारख्या गौण खनिजाचे विनापरवाना उत्खनन झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48(7) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि अशी नोटीस बहुधा सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. ठेकेदाराने परवाना घेतला होता की नाही हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आपल्या संमतीशिवाय मुरूम नेल्याचे तहसीलदारांना आजच लेखी कळवावे. ठेकेदाराने ‘समजून घेऊ’ म्हणत हातावर काही रक्कम ठेवल्यास, ती हरभऱ्याची की मुरमाची हे लिहून घेतल्याशिवाय स्वीकारू नये. एरवी तीच संमती म्हणून पुढे दाखवली जाईल.

भरावाखालून पाइप टाकण्याच्या बेतात आपण अजिबात सामील होऊ नये. शेतीच्या पाण्याचा पुरवठा घटेल असे कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे, पाटबंधारे अधिनियमाखालील कारवाई वेगळी, आणि नुकताच दुरुस्त झालेला भराव त्याच पाइपाच्या कडेने पुन्हा झिरपू लागेल.

दुसऱ्या, म्हणजे हरभरा व मुरमाच्या अर्जाला दाद न मिळाल्यास दिवाणी न्यायालयात जाता येईल. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायद्याच्या अंमलात केलेल्या कृत्याबद्दलच्या भरपाईला मुदत अधिनियमाचा अनुच्छेद 72 लागू झाला तर मुदत अवघी एक वर्षाची आहे; नोटिशीचा काळ त्यातून वगळला जातो, पण कार्यालयाशी पत्रव्यवहारात गेलेला काळ वगळला जात नाही. पोकलेन शेतात शिरला त्या तारखेपासून वर्ष मोजावे आणि नवव्या महिन्यापर्यंत समाधानकारक उत्तर आले नाही, तर कागद घेऊन तालुक्याच्या ठिकाणी वकिलांना भेटावे.