'नेओकोरोस'ला 'पुजारी नगर' म्हणावं का?

रोमन अमलाखालच्या ग्रीक नगरांच्या ब्रॉंझ नाण्यांवर 'नेओकोरोन्' असं दिसतं, त्याला 'पुजारी नगर' हा प्रतिशब्द चालेल का, अशी विचारणा आहे.

माझ्या मते नाही. पुजाऱ्याला ग्रीकमध्ये 'हिएरेउस' हा वेगळा शब्द आहे. नेओकोरोस म्हणजे देवळाची देखभाल पाहणारा. 'नेओस' म्हणजे देऊळ. उत्तरपदाचा संबंध परंपरेने झाडलोटीशी जोडतात. आपला गुरव जवळचा वाटतो, पण तो पूजाही करतो, शिवाय ते जातीचं नाव आहे. 'मंदिरपाल नगर' म्हणावं.

'नगर' हवंच, कारण नाण्यावर हा माणसाचा हुद्दा नसून नगराचा किताब आहे. सम्राटपूजेचं प्रांतिक देऊळ आपल्याकडे असण्याचा तो मान. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या पर्गामम, स्मिर्ना आणि इफिसस या नगरांची त्यावरून जबरदस्त चुरस असे. पर्गाममने सम्राट ट्राजनच्या काळात दुसरा मान मिळवला.

आता वाचनाचं. 'एफेसिओन् दिस् नेओकोरोन्' म्हणजे 'दोनदा नेओकोरोस असलेल्या इफिससकरांचं', पुढे नाणं अध्याहृत. शेवटचा 'ओन्' हा षष्ठीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे, म्हणून नोंद करताना मूळ रूप 'नेओकोरोस'च लिहावं. जागा अपुरी असली की शब्द 'नेओ' किंवा नुसत्या 'न'वर तोडतात, आणि 'दिस्'ऐवजी एकटं अक्षर येतं: बीटा म्हणजे दोन, गामा तीन, डेल्टा चार. झिजलेल्या नाण्यावर हे एकटं अक्षर नगराच्या नावाचाच भाग समजून सोडून दिलं जातं. या काळातला सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', बरेचदा अर्धचंद्रासारखा असतो, तो रोमन 'सी' समजू नये.

आकडा मोठा म्हणून नाणं नंतरचं, असं मात्र धरू नका. सम्राट एलागाबालसने (218–222) इफिससला चौथा मान दिला. तो मारला गेल्यावर तो मान गेला आणि त्याच्यानंतरच्या अलेक्झांडर सेव्हेरसच्या नाण्यांवर पुन्हा तीनच आले. पुढे सम्राट व्हॅलेरियनच्या काळात परत चार दिसतात. म्हणून आधी पुढच्या बाजूवरचा सम्राट ओळखावा, आकडा त्यानंतर.