फायबरच्या कामात आधी खांब बघ, मग काच, मग लेझर

भावा, तू विचारलंस की औसा साईडला एका केबलवाल्याकडं फायबर जोडणीच्या कामाला लागायलास, मालक म्हणतोय "फायबरमध्ये करंट नसतो, बिनधास्त चढ", आणि घरचे म्हणायलेत की लेझरनं डोळे जातात, तर खरं काय आणि जपायचं काय. मी या लाईनीत बरीच वर्षं आहे, लातूर-परभणी-नांदेड पट्ट्यात ओव्हरहेडही केलंय आणि ओएलटी रूमचं, म्हणजे जिथून सगळ्या घरांना इंटरनेटचा प्रकाश सोडतात त्या यंत्राच्या खोलीचं, कामही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून नीट वाच.

मालकाचं बोलणं अर्धं खरं आहे आणि तेच धोक्याचं आहे. काचेच्या धाग्यातून करंट जात नाही, बरोबर. पण तू नुसता धागा घेऊन वर चढत नाहीस ना. ती खांबावरून घरात जाणारी चपटी काळी ड्रॉप वायर असते तिच्यात एका कडेला ताण धरायला स्टीलची तार असते, आर्मर्ड केबल असेल तर आत स्टीलच्या पत्र्याचं कवच असतं. ही वायर एकीकडं खांबाला आणि दुसरीकडं गिऱ्हाइकाच्या गॅलरीच्या ग्रीलला बांधलेली. मधे कुठं वाऱ्यानं एलटीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या, तारेला घासून घासून वरचं प्लास्टिक सोललं की 230 व्होल्ट सरळ ग्रीलमध्ये, आणि त्याच ग्रीलवर कुणीतरी ओले कपडे वाळत घालायलंय. इंटरनेट मात्र चालूच राहतं, त्यामुळं कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून जुन्या वायरला हात लावायच्या आधी सुद्धा टेस्टर लाव, आणि टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून बघ, मग वायरला, मग परत बोर्डावर, कारण बिघडलेला टेस्टर पण "करंट नाही" असंच सांगतो.

आपल्याकडं अजून एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईचे लोक लिहीत नाहीत. शेतीच्या फीडरला थ्री फेज आठ तास, ती पण कधी दिवसा कधी रात्री, पाळी बदलत राहते. पोरं काय करतात, "लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ" म्हणून खांबावर चढतात. असं अजिबात करू नको. लाईट गेली म्हणजे लाईन बंद झाली असं नसतं. थ्री फेज गेली तरी सिंगल फेज चालू असू शकते, कुणाच्या घरचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचं जोडलेलं असलं तर उलटा करंट तारेवर येतो, कुणी दुसऱ्या लाईनीवरून आकडा टाकलेला असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू वर असताना गावातला झिरो वायरमन, म्हणजे महावितरणचा नसलेला खासगी वायरमन, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जाऊन फ्यूज टाकून मोकळा होतो, त्याला तू वर आहेस हे माहीतच नसतं. दरवर्षी पेपरात अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा पंचवीस-तीसच्या आतलीच पोरं असतात, वाचून जीव तुटतो.

लाईटच्या खांबावर काम करायचंच असेल तर महावितरणची परवानगी पाहिजे आणि त्या भागाच्या लाईनमनकडूनच रीतसर लाईन बंद करून घ्यायची, म्हणजे परमिट घेऊन, डीपीचा स्विच उघडून, फ्यूज काढून, दोन्ही बाजूला अर्थिंग टाकून. फोनवर "बंद केलंय, चढ" हे चालणार नाही. काढलेले फ्यूज तुझ्या पिशवीत असले तर अजून बरं. वर 11 केव्हीची, म्हणजे 11,000 व्होल्टची, लाईन जात असेल तर त्या खांबाचं नावच काढू नको, तिच्यापासून 10 फुटांच्या आत तू, तुझी शिडी, तुझी वायर, काहीच जाता कामा नये. दुकानात मिळणारे रबरी हातमोजे 11 केव्हीला काही कामाचे नाहीत.

वायर ओढतानाची पद्धत पण बघ. दोरीला दगड बांधून तारांवरून पलीकडं फेकायची आणि मागून वायर ओढायची, रस्ता ओलांडताना मोटारसायकलला बांधून ताणायची, हे सर्रास चालतं. ताण बसला की जमिनीवर पडलेली वायर झटक्यात वर उडते आणि वरच्या लाईनीला टेकते, तेव्हा खालचा माणूस वायर हातात धरून उभा असतो. वीजतारांच्या वरून फायबर कधीच न्यायचं नाही, खालूनच, भरपूर अंतर ठेवून, आणि दोन्ही टोकाला माणूस उभा करून. केबल निवडायचं तुझ्या हातात असेल तर लांबच्या ओव्हरहेड लाईनीला एडीएसएस मागव, तिच्यात धातू अजिबात नसतो, आणि ड्रॉपसाठी एफआरपीवाली, म्हणजे स्टीलच्या जागी फायबरग्लासची काडी असलेली.

शिडी बांबूची किंवा फायबरग्लासची, अल्युमिनियमची हलकी असते म्हणून मोह होतो पण ती नको. वर 20 फुटावर टेकत असेल तर खाली बूड खांबापासून 5 फूट लांब पाहिजे. वर पोचलास की आधी शिडी वरच्या टोकाला खांबाला बांध, मग हार्नेस अडकव, मग काम. नुसता कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस घे. चढायच्या आधी खांबाचं बूड बघ, काळ्या मातीत पावसाळ्यात खांब हलतात आणि लोखंडी खांब बुडाशी गंजलेले असतात, आणि पावसात इन्सुलेटर फुटका असला तर खांबालाच करंट उतरतो, जनावरं दगावतात ती याच्यामुळंच. जॉइंट बॉक्सच्या मागं गांधीलमाशांचं पोळं असतं, जमिनीवरच्या चेंबरमध्ये घोणस किंवा नाग बसलेला असू शकतो, झाकण उघडताना लांब सळईनं उघड, हातानं नको.

एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात आपल्याकडं वीज पडून माणसं जातात हे तुला सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलवर ठेव आणि गडगडाट ऐकू आला की उतर, शेवटची क्लिप राहिली तरी राहू दे. उन्हाळ्यात परभणी-नांदेडला 43-44 अंश असतं, त्या वेळी पत्र्यावर आणि खांबावर दुपारी काम नको, सकाळी दहाच्या आत आणि सांजच्याला करा.

आणि कुणाला शॉक लागलाच तर धावत जाऊन हात धरू नको. घरातली लाईन असेल तर आधी मेन स्विच, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला. पण 11 केव्ही असेल तर लाकूड पण चालत नाही, लांब थांबून 1912 ला आणि सबस्टेशनला फोन करून लाईन बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही, 108 ला लगेच फोन. माणूस सुटला आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या वेगानं, साधारण 5 सेंटीमीटर दाबत राहायचं. हे आधी कुणाकडून तरी शिकून घे, आणि तुझ्यासोबत खाली उभा राहणाऱ्या पोराला पण शिकव, कारण शॉक तुला लागला तर दाबणारा तोच आहे.

आता काच. हे रोजचं आहे आणि इकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कोटिंग काढल्यावर उरतो तो धागा 125 मायक्रॉनचा, केसाएवढा, आणि क्लीव्हरनं, म्हणजे धागा कापायच्या यंत्रानं, कापलं की दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा उडतो किंवा तिथंच पडतो. फरशीवर पडला की दिसत नाही, दोन बोटांनी उचलायला गेलास की सरळ कातडीत घुसतो आणि आत मोडतो. गिऱ्हाइकाच्या घरी काय होतं बघ: तू हॉलमध्ये सतरंजीवर बसून स्प्लायसिंग, म्हणजे दोन धागे वितळवून जोडायचं काम, करायलास, काकू चहा आणून तुझ्या शेजारीच ठेवतात, बाजूला लेकरू रांगायलंय. तो तुकडा चहात जाऊ शकतो, लेकराच्या गुडघ्यात किंवा तोंडात जाऊ शकतो. म्हणून सतरंजीवर काम नाहीच, टेबल माग, त्यावर काळं मॅट टाक म्हणजे तुकडे चमकून दिसतात, झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली जवळ ठेव आणि प्रत्येक तुकडा चिमट्यानं त्याच बाटलीत. शेवटी चिकटपट्टी उलटी करून मॅटवर आणि आजूबाजूला दाबून फिरव. लेकराला आत न्या असं सरळ सांग, लोक ऐकतात. चहा काम झाल्यावर, साबणानं हात धुऊन. कापताना गॉगल घाल, आणि काम चालू असताना डोळ्याला हात लावू नको, घाम पुसायचा असला तरी बाहीनं नाही, वेगळ्या रुमालानं. डोळ्यात गेलंच तर चोळू नको, स्वच्छ पाण्यानं धू आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. भरलेली बाटली घंटागाडीत टाकू नकोस, ऑफिसला परत ने, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात ती काच जाते.

स्प्लायसरचा आर्क हजारो व्होल्टचा असतो, झाकण उघडं ठेवून इलेक्ट्रोडला हात नको, आणि शेजारी स्पिरिटची म्हणजे आयसोप्रोपाईल अल्कोहोलची बाटली उघडी नको, ते पेटतं.

आता लेझर, घरच्यांची भीती. ती पूर्ण खोटी नाही, पण सगळ्या जागी सारखी पण नाही. जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट द्यायच्या पद्धतीत, ओएलटीकडून 1490 नॅनोमीटरचं लेझर येतं, घरून 1310 जातं, आणि केबल टीव्ही पण त्याच फायबरवर असेल तर 1550. यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही, दिसत नाही म्हणून पापणी पण मिटत नाही. आता आकडे बघ. गिऱ्हाइकाच्या घरी पॉवर मीटरवर साधारण उणे 20 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) येतं, म्हणजे 0.01 मिलिवॅट, त्यानं डोळा जात नाही. ओएलटीच्या पोर्टवर अधिक 3 ते 5, म्हणजे 2-3 मिलिवॅट. पण केबलवाल्याच्या रूममध्ये टीव्हीसाठी जो ईडीएफए, म्हणजे प्रकाशाची ताकद वाढवणारं यंत्र, असतो त्याचा पोर्ट अधिक 20 डीबीएम असेल तर ते 100 मिलिवॅट झालं, घराच्या 10,000 पट, आणि 1550 ला सुरक्षित वर्गाची मर्यादा 10 मिलिवॅट आहे. तुझा मालक केबलवाला आहे, म्हणजे ईडीएफए असू शकतो, तर भीती तिथं बाळग. तिथलं पॅचकॉर्ड, म्हणजे जोडायची छोटी फायबर वायर, काढायचं असेल तर आधी ईडीएफए बंद कर, चालू असताना काढलं तर डोळ्याचा प्रश्न आहेच, वर कनेक्टरचं तोंड पण जळतं. आणि त्याच रूममधून निघालेला फीडर, म्हणजे मुख्य फायबर, तुझ्या खांबावरच्या जॉइंट बॉक्सपर्यंत आलेला असू शकतो, वर बसून कुठल्या टोकात किती आहे हे तुला कळत नाही, म्हणून कुठल्याच टोकात बघायचं नाही, मीटर लावायचा. मायक्रोस्कोपनं तोंड तपासायचं असेल तर आधी मीटरनं खात्री कर, भिंगातून तेच लेझर गोळा होऊन डोळ्यात जातं.

एक गैरसमज लई पसरलाय, की मोबाईलचा कॅमेरा लावला की फायबरचा प्रकाश दिसतो. टीव्हीच्या रिमोटचा दिसतो, तो 940 च्या आसपास असतो. मोबाईलचा सेन्सर सिलिकॉनचा, साधारण 1100 नॅनोमीटरच्या पुढचं त्याला दिसतच नाही, तर 1310-1490-1550 कुठून दिसणार. स्क्रीनवर काळं दिसलं म्हणून फायबर बंद आहे असं समजू नको. फायबर तपासायच्या लाल पेनचा प्रकाश मात्र दिसतो, 650 चा, पण बाजारात 30 मिलिवॅटपर्यंतचे मिळतात, ते लेकरांच्या हातात देऊ नको आणि कुणाच्या तोंडाकडं धरू नको.

ओएलटी रूममध्ये अजून एक, 48 व्होल्टच्या बॅटऱ्या. व्होल्ट कमी म्हणून हसू नको, पान्हा दोन टर्मिनलवर पडला तर तो लाल होतो. अंगठी, कडं काढून काम कर, पान्ह्याला टेप गुंडाळ, खिडकी उघडी ठेव, बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून विडी-सिगारेट नाही.

रुजू व्हायच्या आधी मालकाला सरळ विचार: हार्नेस, हेल्मेट, शिडी, टेस्टर, गॉगल देणार का, खांबावर दोघं पाठवणार का, आणि लाईन बंद करून घ्यायची जबाबदारी कुणाची. नाही म्हणाला तर घरातलं स्प्लायसिंग आणि ओएनयू, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरचा इंटरनेटचा डबा, बसवायचं काम माग, खांबाचं घेऊ नको. आणि त्याच्याकडं येणाऱ्या ड्रॉप वायरचा वीतभर तुकडा घेऊन कडेची काडी सोल आणि चुंबक लाव. चिकटलं तर स्टील आहे. नाही चिकटलं तरी कापलेल्या तोंडाचा फोटो टाक इथं, एफआरपी आहे का ते बघून सांगतो.